पॉइंटवाल्या डिस्ट्रिब्युटरची देखभाल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी गाडी सकाळी कुरकुरली की बहुतेकांचा हात आधी कार्ब्युरेटरकडे जातो. जेट काढून फुंकले जातात, फ्लोट तपासला जातो, मिक्श्चरचा स्क्रू पाव फेरा इकडे आणि पाव फेरा तिकडे फिरतो. दुखणं मात्र शेजारच्या काळ्या टोपीखाली निवांत बसलेलं असतं. मी स्वतः हा घोळ एकदा नाही, तीनदा घातला आहे. खालची उत्तरं पॉइंट आणि कंडेन्सर असलेल्या जुन्या पद्धतीच्या डिस्ट्रिब्युटरसाठी आहेत. आकडे अंदाज यावा म्हणून दिले आहेत. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच खरा.

डिस्ट्रिब्युटर नेमकं करतो तरी काय?

नावावरून वाटतं की नुसतं वाटप करतो. प्रत्यक्षात त्याच्या गळ्यात तीन कामं आहेत. बॅटरीचे व्होल्ट वाढवणाऱ्या कॉइलच्या प्रायमरीतला (पहिल्या गुंडाळीतला) करंट ठरल्या क्षणी तोडायचा, त्यातून उसळलेला हाय टेन्शन (हजारो व्होल्टचा) करंट ज्याची पाळी आहे त्या सिलिंडरच्या प्लगकडे धाडायचा, आणि इंजिनाचा वेग व भार बघून ठिणगी किती आधी पडावी हे जमवायचं. पहिलं काम पॉइंट (उघडझाप करणारे दोन धातूचे संपर्क) करतात, दुसरं रोटर (दांड्यावर फिरणारा तुकडा) आणि कॅप (वरची काळी टोपी), तिसरं आतली वजनं आणि बाहेरचा व्हॅक्यूमचा डबा.

फोर-स्ट्रोक इंजिनात त्याचा दांडा क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो. चार सिलिंडरचं इंजिन ३००० आरपीएमवर असेल तर पॉइंट सेकंदाला १०० वेळा उघडतात-मिटतात, सहा सिलिंडरला १५० वेळा आणि आठला २००. म्हणजे चार सिलिंडरच्या गाडीतही तासाभराच्या प्रवासात साडेतीन लाखांच्या वर. इतकी उघडझाप करणारा हा एवढासा भाग झिजतो यात नवल नाही, इतका टिकतो हेच नवल.

ही पद्धत चार्ल्स केटरिंग यांची. त्यांनी आणि एडवर्ड डीड्स यांनी १९०९ साली डेल्को कंपनी काढली आणि कॅडिलॅकच्या गाड्यांना ही इग्निशन बसली. काही जुने मिस्त्री डिस्ट्रिब्युटरला आजही नुसतं ‘डेल्को’ म्हणतात, ते त्या कंपनीवरून.

किती दिवसांनी काय बघायचं?

नियमाने चालणाऱ्या गाडीला दर ५००० किलोमीटरला तेलाचे थेंब आणि कॅप आतून-बाहेरून पुसणं, दर १०,००० ला पॉइंटची गॅप (दोन तोंडांमधली फट) आणि टायमिंग (ठिणगी पडण्याचा क्षण). पॉइंट साधारण १५ ते २० हजारांत बदलावे लागतात. कंडेन्सरला ठरलेलं वय नाही.

पण आपल्यातल्या बऱ्याच जणांची गाडी वर्षात हजार किलोमीटरही चालत नाही. तिला किलोमीटरचा हिशोब लावून उपयोग नाही. उभ्या गाडीत पॉइंटच्या तोंडावर ऑक्साइडचा पातळ थर धरतो, तेल सुकतं, वजनं जागीच चिकटतात. म्हणून वर्षातून एकदा कॅप उघडायचीच, गाडी चालली असो वा नसो.

पॉइंटची गॅप कशी लावायची?

आधी बॅटरीची तार काढा. कॅप आणि रोटर काढा. मग इंजिन हाताने फिरवा: टॉप गिअरमध्ये टाकून गाडी पुढे ढकला किंवा क्रँक पुलीच्या नटाला पाना लावा. प्लग काढून ठेवले तर हे काम निम्म्या जोराने होतं. पॉइंटची टाच, म्हणजे कॅमला (दांड्यावरच्या उंचवट्यांना) घासणारा फायबरचा ठोकळा, कॅमच्या बरोबर टोकावर आला की पॉइंट जास्तीत जास्त उघडे असतात. तिथे थांबायचं.

लुकास या ब्रिटिश कंपनीच्या २५डी आणि ४५डी प्रकारच्या डिस्ट्रिब्युटरांत गॅप ०.३५ ते ०.४० मिमी असते. हवेवर थंड होणाऱ्या फोक्सवॅगनच्या बॉश डिस्ट्रिब्युटरला ०.४० मिमी. फीलर गेजची (फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पट्ट्यांची) पट्टी आत सरकताना लोण्यातून सुरी जावी इतकी सहज जाऊ नये आणि पॉइंटला ढकलूनही जाऊ नये. दोन्ही बाजूंनी हलकासा स्पर्श जाणवला पाहिजे. पट्टी आधी पुसून घ्या. तिच्यावरचं तेल पॉइंटवर राहिलं की जळून काळं पडतं आणि पुढच्या आठवड्यात तुम्ही पुन्हा बॉनेट उघडून उभे.

स्क्रू आवळताना गॅप हमखास बदलते. म्हणून आवळल्यावर परत मोजायची. हे एक वाक्य लक्षात ठेवलं तर निम्मी कटकट कमी.

आणि गेजला फसू नका. वापरलेल्या पॉइंटवर एका बाजूला बारीक टेकडी आणि समोर खड्डा तयार झालेला असतो. पट्टी टेकडीला अडते आणि वाचन योग्य येतं, पण खरी गॅप त्याहून जास्त असते. अशा पॉइंटला गेज लावण्यात अर्थ नाही. एक तर कानशीने टेकडी काढा, नाही तर पॉइंट बदला, नाही तर ड्वेल मीटर लावा.

हा ड्वेल काय प्रकार आहे?

कॅमच्या एका फेरीत प्रत्येक ठिणगीच्या आधी पॉइंट किती अंश मिटलेले राहतात, तो आकडा. चार सिलिंडरला एका ठिणगीच्या वाट्याला ९० अंश येतात, त्यातले लुकास २५डी मध्ये साधारण ६० अंश पॉइंट मिटलेले असतात. आठ सिलिंडरच्या डेल्को-रेमीला वाट्याला ४५ अंश, त्यातले ३० च्या आसपास मिटलेले. पॉइंट मिटलेले असतानाच कॉइल ‘भरते’, म्हणून हा आकडा कमी पडला की जोराच्या वेगात ठिणगी अशक्त होते. फार वाढला तर पॉइंट धड उघडतच नाहीत आणि लवकर जळतात.

गॅप वाढवली की ड्वेल कमी होतो, गॅप कमी केली की ड्वेल वाढतो. मीटर खरी सरासरी दाखवतो, झिजलेल्या पॉइंटलाही तो फसत नाही. त्याचा दुसरा उपयोग मला जास्त मोलाचा वाटतो: आयडलवर आणि मग २००० आरपीएमवर ड्वेल बघा. तीन अंशांहून जास्त फरक पडत असेल तर दांडा किंवा बुश झिजला आहे, आणि तुम्ही कितीही मन लावून गॅप जमवली तरी ती टिकणार नाही.

आधी टायमिंग की आधी गॅप?

आधी गॅप. नेहमीच. गॅप बदलली की पॉइंट उघडण्याचा क्षण बदलतो, म्हणून टायमिंगही बदलतं: गॅप वाढली तर ठिणगी लवकर, कमी झाली तर उशिरा. ड्वेलचा एक अंश फरक म्हणजे क्रँकवर टायमिंगचा जवळपास एक अंश. उलट टायमिंग कितीही फिरवलं तरी गॅपला काही होत नाही. ज्यांनी आधी टायमिंग लावलं आणि मग ‘जरा पॉइंट पण बघू’ म्हटलं, त्यांनी दोन्ही कामं परत केली आहेत.

स्ट्रोब लाइट (ठिणगीसोबत लुकलुकणारा दिवा) नाही. टायमिंग लावता येईल?

येईल. १२ व्होल्टचा छोटा बल्ब आणि दोन तारा पुरतात. एक टोक कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टर्मिनलला, दुसरं गाडीच्या बॉडीला. इंजिन हाताने फिरवून पुलीवरची खूण मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या स्टॅटिक (इंजिन बंद असतानाच्या) अंशावर आणा, एक नंबर सिलिंडर कॉम्प्रेशनवर असताना. चावी चालू करा. डिस्ट्रिब्युटरचा क्लॅम्प सैल करून त्याची बॉडी सावकाश फिरवा. बल्ब ज्या क्षणी पेटतो त्या क्षणी पॉइंट उघडले. तिथेच क्लॅम्प आवळा. रोटर ज्या दिशेने फिरतो त्याच्या उलट दिशेला बॉडी फिरवली की टायमिंग ॲडव्हान्स होतं (ठिणगी लवकर पडते), त्याच दिशेला फिरवली की रिटार्ड (उशिरा).

खूण गाठताना इंजिन नेहमी त्याच्या फिरण्याच्या दिशेनेच फिरवा. खुणेच्या पुढे गेलं तर बरंच मागे आणून पुन्हा पुढे या, म्हणजे चेन आणि गिअरमधली ढिलाई वाचनात येत नाही.

स्ट्रोब असेल तर उत्तम, कारण तो चालत्या इंजिनाचं खरं टायमिंग दाखवतो आणि वजनं उघडतात की नाही तेही. व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करायला विसरू नका, मॅन्युअल वेगळं सांगत असेल तर गोष्ट निराळी. सैल बाह्या, गळ्यातलं काही, लोंबती वायर हे फॅनपासून लांब. स्ट्रोबच्या उजेडात फिरतं पातं थांबल्यासारखं दिसतं, आणि माणूस तिथेच चुकतो.

कंडेन्सर एवढासा. त्याने काय बिघडतं?

सगळंच. पॉइंट उघडतात तेव्हा कॉइलमधला करंट थांबायला तयार नसतो, तो फटीतून ठिणगी मारून वाट काढायला बघतो. कंडेन्सर त्या क्षणी त्याला स्वतःमध्ये जागा देतो. करंट झटक्यात तुटतो, कॉइलमधलं चुंबकत्व कोसळतं, प्रायमरीवर दोन-तीनशे व्होल्ट उसळतात आणि सेकंडरीच्या (दुसऱ्या गुंडाळीच्या) शंभरेक पट वेढ्यांमुळे त्याचे वीस हजारांच्या वर होतात. कंडेन्सर नसेल तर ठिणगी प्लगऐवजी पॉइंटवरच पडते.

त्याची धारणक्षमता साधारण ०.१८ ते ०.२५ मायक्रोफॅरड असते. आतून शॉर्ट झाला तर गाडी ठार बंद. आतली तार सुटली तर फटफट करत कशीबशी चालेल किंवा चालणारच नाही, आणि कॅप उघडून सेल्फ मारला तर पॉइंटवर निळी चमक ठळक दिसेल. सगळ्यात वैताग तिसरा प्रकार: थंड असताना ठणठणीत, वीस मिनिटांनी गरम झाला की गाडी बंद, अर्ध्या तासाने पुन्हा जणू काही झालंच नाही. मीटरवर हा थंडपणी पास होतो. चांगला असल्याचं माहीत असलेला दुसरा लावून बघणं हीच खरी परीक्षा.

इथे एक मत आग्रहाने मांडतो. नवा म्हणजे चांगला, हे कंडेन्सरच्या बाबतीत समजू नका. माझा पंधरा वर्षं चाललेला कंडेन्सर मी ‘सर्व्हिस करतोय तर बदलूनच टाकू’ म्हणून काढला आणि नवा चाळीस किलोमीटरवर गेला. जुना घरी कचऱ्याच्या डब्यात होता. चालू असलेला भाग काढलात तर तो पुसून गाडीतच ठेवा, नव्याने स्वतःला सिद्ध करेपर्यंत.

अडल्या वेळी कंडेन्सर डिस्ट्रिब्युटरच्या आतच बसवला पाहिजे असं नाही. त्याची बॉडी नीट अर्थ करून (गाडीच्या धातूला टेकवून) त्याची तार कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टर्मिनलला जोडली तरी गाडी चालते. काही जण मुद्दाम तसंच ठेवतात, तिथे उष्णता कमी लागते आणि बदलायला दोन मिनिटं.

पॉइंट काळे, निळे, खड्डे पडलेले. कशाचं लक्षण?

चांगल्या पॉइंटचं तोंड राखाडी आणि किंचित खरखरीत असतं. तो रंग बघून घासत बसू नका, ठीक आहे ते. काळा धूर बसल्यासारखा थर म्हणजे तेल किंवा ग्रीस तिथे पोचलं आहे. निळसर झाक म्हणजे पॉइंट तापले आहेत: करंट जास्त जातोय, कॉइल चुकीची आहे, किंवा बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलचा करंट मर्यादित ठेवणारा भाग) कुणीतरी मधून उडवला आहे. एकीकडे मोठी टेकडी आणि दुसरीकडे खोल खड्डा लवकर तयार होत असेल तर कंडेन्सरची क्षमता त्या कॉइलला जुळत नाही.

घासायचेच असतील तर बारीक सपाट कानस. पॉलिश पेपर नको. त्याचे कण पॉइंटच्या टंगस्टनमध्ये रुततात आणि संपर्क आणखी बिघडतो. उभ्या गाडीचे ऑक्साइड धरलेले पॉइंट असतील तर स्वच्छ कार्डाचा तुकडा मधून दोनचार वेळा ओढला तरी पुरतं. नव्या पॉइंटवर गंज लागू नये म्हणून तेलाचा पातळ थर असतो, तो स्पिरिटने पुसल्याशिवाय बसवू नका. ‘नवे पॉइंट टाकले आणि गाडी सुरूच होईना’ यामागे बऱ्याचदा एवढंच असतं.

पॉइंट बदलले आणि ठिणगी पूर्ण गायब. आता?

वायसर बघा. जुन्या प्रकारच्या पॉइंटमध्ये कॉइलकडून आलेली तार आणि कंडेन्सरची तार, दोन्ही पॉइंटच्या स्प्रिंगला टेकल्या पाहिजेत, पण मधल्या खुंटीला किंवा प्लेटला टेकता कामा नयेत. मध्ये प्लॅस्टिकचा टोपीसारखा वायसर असतो तो याचसाठी. टर्मिनल त्याच्या चुकीच्या बाजूला गेलं की करंट थेट अर्थ, पॉइंट उघडले काय नि मिटले काय सारखंच. काढताना मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

गाडी आयडलवर छान, रेस दिली की बंद. कार्ब्युरेटरच ना?

असेलही. पण आधी डिस्ट्रिब्युटरमधली लवचिक तार बघा. व्हॅक्यूम ओढला की पॉइंटची प्लेट थोडी फिरते आणि तिच्याबरोबर आत येणारी बारीक तारही वाकते. वर्षानुवर्षं वाकून तिचे धागे आवरणाच्या आतच तुटतात. बाहेरून तार नवीकोरी दिसते. प्लेट जागेवर असेपर्यंत तुटकी टोकं टेकलेली, प्लेट हलली की सुटली. प्लेटला अर्थ देणारी छोटी विणलेली तारही अशीच दगा देते. चिमट्याने हलकेच ओढून बघा. धागे तुटलेले असतील तर आवरण रबरासारखं ताणलं जातं.

सुरुवातीला तीनदा घोळ घातला म्हणालो, त्यातली एक वेळ हीच. जेट चार वेळा साफ झाले होते. बदलताना साधी जाड वायर लावू नका, ती ताठ असते आणि प्लेट अडवते. खूप बारीक धाग्यांची मऊ वायरच हवी.

कॅप आणि रोटरमध्ये काय बघायचं?

कॅप कोरड्या फडक्याने पुसा आणि तिरक्या उजेडात धरा. दोन टर्मिनलांच्या मध्ये किंवा टर्मिनलपासून कडेपर्यंत पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर ती करंटने पाडलेली पायवाट आहे. ती खरवडून तात्पुरती गाडी चालेल, पण कॅप संपली. केसासारखी भेगही तशीच. मधला कार्बनचा खडू स्प्रिंगवर मोकळा वर-खाली झाला पाहिजे. तो तुटलेला किंवा अडकलेला सापडणं अगदी नेहमीचं.

टर्मिनलांवरची पांढुरकी राख खरवडून काढा, पण धातू कानशीने घासू नका. रोटरचं टोकही चकचकीत करू नका. प्रत्येक घासणीत अंतर वाढतं आणि ठिणगीला तेवढी जास्त उडी मारावी लागते.

रोटरमधलं दुखणं दिसत नाही. बाहेरून अखंड, पण आतून करंट प्लॅस्टिक भेदून खालच्या दांड्यात उतरतो. लुकासच्या नमुन्यावर नव्याने बनणाऱ्या काही रोटरांत पितळी पट्टी रिव्हेटने बसवलेली असते, आणि तो रिव्हेट दांड्याच्या फार जवळ पोचतो, म्हणून जुन्या ब्रिटिश गाडीवाल्यांमध्ये रिव्हेट नसलेल्या रोटरला मागणी आहे. तपासायचं असं: रोटर जागेवर ठेवा, कॉइलची मधली हाय टेन्शन वायर इन्सुलेटेड पकडीने धरून रोटरच्या मध्यापासून काही मिलिमीटरवर आणा आणि चावी चालू ठेवून पॉइंट उघड-मीट करा. दर वेळी रोटरवर ठिणगी पडत असेल तर करंट त्याच्यातून खाली जातोय. बदला.

पावसात किंवा दमट सकाळी गाडी सुरू होत नाही.

कॅपच्या आत दव धरलेलं असतं. पुसून कोरडी करा, वायरीही पुसा. कायमची तक्रार असेल तर वायरीची टोकं आणि त्यांची रबरी बुटं जुनी झाली आहेत. कॅप सिलिकॉनने सील करायचा मोह टाळा: आतल्या ठिणग्यांमुळे ओझोन आणि नायट्रोजनचे आम्लधर्मी वायू तयार होतात, ते बाहेर पडायला हवेत, नाही तर आतलं पितळ आणि पोलाद गंजतं. कॅपला किंवा बॉडीला हवेचं भोक असेल तर ते मोकळं ठेवा.

तेल कुठे, किती?

जितकं वाटतं त्याहून कमी. रोटर उपसला की खाली फेल्टचा तुकडा किंवा स्क्रू दिसतो. तिथे इंजिन ऑइलचे दोन-तीन थेंब. लुकासमध्ये तो स्क्रू काढायचा नसतो, त्याच्या बाजूने तेल आपोआप खाली उतरतं. प्लेटच्या भोकातून वजनांवर एक-दोन थेंब. कॅमवर उष्णता सहन करणाऱ्या ग्रीसचा पुसट हात, बोटाच्या टोकाला जेवढं चिकटतं त्याच्या निम्मा. हे न केल्यास पॉइंटची टाच झिजते, गॅप हळूहळू मिटत जाते, टायमिंग मागे सरकतं आणि एक दिवस पॉइंट उघडतच नाहीत. बाहेर ग्रीस कप किंवा तेलाचं भोक असेल तर तेही विसरू नका.

ॲडव्हान्सची वजनं आणि व्हॅक्यूम चालू आहेत की नाही, कसं ओळखू?

वजनांसाठी: रोटर त्याच्या फिरण्याच्या दिशेने हाताने पिळा. थोडा फिरला पाहिजे आणि सोडल्यावर स्प्रिंगने टणकन मागे आला पाहिजे. फिरतच नसेल तर वजनं चिकटली आहेत. अशी गाडी वरच्या वेगात ओढत नाही आणि तापते. मागे येत नसेल तर टायमिंग पुढेच अडकलं, मग सेल्फ मारताना इंजिन उलटा झटका देतं आणि चढावर नॉकिंग (इंजिनातला ठकठक आवाज) ऐकू येतं.

खोलून बघितलंत तर दोन स्प्रिंगांपैकी एक सैल लोंबताना दिसेल. ती खराब झालेली नाही! पहिली मऊ स्प्रिंग कमी वेगात काम करते, दुसरी जाड स्प्रिंग तिचं लांबट कडं भरल्यावरच ताणली जाते; त्यामुळे ॲडव्हान्स आधी भराभर आणि मग सावकाश वाढतो. कडं दाबून ‘दुरुस्त’ केलेल्या स्प्रिंगा मी पाहिल्या आहेत. स्प्रिंगा ताणू नका, आणि दिसायला सारख्याच दुसऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या तर अजिबात लावू नका, कारण प्रत्येक इंजिनाची ॲडव्हान्सची चाल वेगळी असते.

व्हॅक्यूमसाठी: नळी कार्ब्युरेटरकडून काढून तोंडाने ओढा आणि जीभ लावून धरा. प्लेट फिरली पाहिजे आणि जीभ काढेपर्यंत तशीच राहिली पाहिजे. हळूहळू मागे आली तर आतला पडदा फाटला. कमी भारावर मिश्रण पातळ असतं आणि सावकाश जळतं, म्हणून तिथे ठिणगी जास्त आधी लागते; ते काम या डब्याचं. तो मेला तरी गाडी चालते, फक्त पेट्रोल जास्त पिते. म्हणूनच वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही.

ठिणगीच नाही. कुठून सुरू करू?

कॅपमधून मधली वायर उपसा, इन्सुलेटेड पकडीने तिचं टोक इंजिनाच्या धातूपासून पाच-सहा मिलिमीटरवर धरा आणि सेल्फ मारायला सांगा. आसपास पेट्रोल गळत नाही ना ते आधी बघा, आणि पेसमेकर असणाऱ्याने या कामापासून लांबच राहावं. जोरदार निळी ठिणगी आली तर कॉइल, पॉइंट, कंडेन्सर सुटले. दोष रोटर, कॅप किंवा प्लगच्या वायरीत.

ठिणगी नसेल तर मघाचा बल्ब कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टर्मिनलला आणि बॉडीला लावून सेल्फ मारा. बल्ब लुकलुकला तर पॉइंट काम करतायत, कंडेन्सर किंवा कॉइलवर संशय घ्या. सतत पेटलेला राहिला तर पॉइंट मिटत नाहीत, तोंडं घाण आहेत किंवा आतली तार तुटली आहे. अजिबात पेटला नाही तर कॉइलपर्यंत करंटच येत नाही, किंवा पॉइंट कायम मिटलेले, किंवा कुठेतरी वायसर उलटा. या तीन उत्तरांनी शोधाशोध निम्म्याहून कमी होते.

डिस्ट्रिब्युटर बाहेर काढायला भीती वाटते.

भीती रास्त आहे, उपाय सोपा. एक नंबर कॉम्प्रेशनच्या खुणेवर आणा, रोटर कुठे बघतोय तिथे बॉडीवर खूण करा, बॉडी आणि ब्लॉकवर मिळून दुसरी खूण करा, आणि मग इंजिन फिरवू नका. काही डिस्ट्रिब्युटर खाली जिभेच्या खाचेत बसतात आणि ती जीभ मुद्दाम एका बाजूला सरकवलेली असते, चुकीचा बसूच शकत नाही. तिरक्या दातांच्या गिअरवर बसणारे मात्र उपसताना थोडे फिरतात. किती फिरला ते बघून ठेवा आणि बसवताना तेवढाच मागे धरून सोडा.

बसवल्यावर इंजिन कार्ब्युरेटरमधून शिंकलं आणि सुरूच झालं नाही, तर बहुतेक वेळा रोटर अर्धा फेरा उलटा बसला आहे: पिस्टन वर होता खरा, पण एक्झॉस्टच्या शेवटी. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरांत ठिणगी पडण्याचा क्रम, तीही बघा. चार सिलिंडरच्या बहुतेक इंजिनांची १-३-४-२ असते, फोर्डच्या केंट इंजिनाची १-२-४-३, बीटलची १-४-३-२, आणि ती रोटरच्या फिरण्याच्या दिशेनेच मोजायची.

दांडा बाजूला हलत असेल तर बुश बदलावे लागतील. नवे सच्छिद्र कांस्य बुश बसवण्याआधी २४ तास इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा.

चावी चालू राहिली तर खरंच काही होतं?

हो. पॉइंट मिटलेले असताना ३ ओहमच्या कॉइलमधून सुमारे ४ अँपिअर सतत वाहतात. कॉइल तापते, पॉइंट तापतात. पार्किंगमध्ये रेडिओ ऐकायचा असेल तर ॲक्सेसरीवर.

सरळ इलेक्ट्रॉनिक किट टाकून मोकळं का होऊ नये?

व्हा, त्यात पाप नाही. कारखान्यांनीही तेच केलं: क्रायस्लरने १९७३ च्या मॉडेलांपासून इलेक्ट्रॉनिक इग्निशन सर्रास दिली, जनरल मोटर्सने १९७५ पासून. पॉइंटच्या जागी बसणाऱ्या किटमध्ये रोटरखाली चुंबकांचं कडं आणि समोर सेन्सर असतो. गॅप नाही, टाच नाही, ड्वेल सरकत नाही. थोडा झिजलेला दांडाही चालून जातो.

पण कॅप, रोटर, वजनं, व्हॅक्यूम, तेलाचे थेंब हे सगळं आहे तिथेच राहतं. किट टाकून पाच वर्षं कॅप न उघडलेले महाभाग भेटतात. कॉइलचा रेझिस्टन्स किटला जुळला पाहिजे, प्लगच्या वायरी रेझिस्टन्सवाल्या हव्यात, आणि तुमची गाडी पॉझिटिव्ह अर्थ असेल, म्हणजे बॅटरीचं अधिक टोक बॉडीला जोडलेलं असेल (जुन्या ब्रिटिश गाड्या बऱ्याचदा असतात) तर किट त्याच प्रकारचं घ्या. तारा उलट जोडल्या तर एका क्षणात जळतं. पॉइंट कुरकुरून, आठवडाभर इशारे देऊन जातात. किटमधलं मॉड्यूल न बोलता जातं. म्हणून माझ्या स्वतःच्या गाडीत मी पॉइंटच ठेवले आहेत. ते रस्त्याच्या कडेला पेचकसाने दुरुस्त होतात.

डिकीत काय ठेवू?

रोटर, चालू स्थितीतला कंडेन्सर, पॉइंटचा एक सेट, फीलर गेज, टेस्टचा बल्ब, कार्डाचा तुकडा. किट लावलं असेल तर काढलेली जुनी पॉइंट प्लेट कंडेन्सरसकट, गॅप आधीच लावून. आणि पॉइंटचे स्क्रू दोन-तीन जादा. ते एवढेसे असतात, हातातून सुटले की प्लेटच्या भोकातून थेट वजनांवर जाऊन बसतात. स्क्रू सापडला नाही तर सेल्फ मारू नका. आधी तो काढा, लागलंच तर अख्खा डिस्ट्रिब्युटर उपसून.